हिवाळ्याच्या बुटांची निविदा

हेडशो, १४ सप्टेंबर

इंगेगेर्ड,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही.

आज सकाळी कोर्टाकडून मेल आली. आमच्या नगरपालिकेच्या बुटांच्या निविदेवर हरकत. खाली सही त्या घाऊक कंपनीच्या संचालकाची आहे, पण दुसरा परिच्छेद वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'सदर निकष पुरेसा स्पष्ट आहे असे ठामपणे म्हणता येत नाही.' असलं वाक्य या जगात एकच बाई लिहिते. मी तिच्या समोरच्या टेबलावर बारा वर्षं बसले आहे.

हे पत्र हाताने लिहितेय, घरी बसून, स्वतःच्या पैशाचं तिकीट लावून. ऑफिसातून लिहिलं तर ते दफ्तरी नोंदवलं जाईल, उद्या गावातला कुणीही येऊन वाचायला मागेल आणि आम्हाला ते द्यावं लागेल. हा धडा तूच मला दिला होतास, मी नगरपालिकेच्या मेलवरून नवऱ्याला मासे आणायला सांगितलं होतं तेव्हा.

हरकत लिहिलीस म्हणजे कागद वाचले आहेस. कागदात जे नाही ते सांगते. आपली आणि शेजारच्या तीन नगरपालिका मिळून घरसेवेत नऊशेच्या आसपास माणसं आहेत, त्यात बहुतेक बायका. म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, गोळ्या द्यायच्या, आंघोळ घालायची, लापशी करून द्यायची, आणि पुढचं घर गाठायचं. ऑक्टोबर संपता संपता इथल्या रस्त्यांची काच होते. दर हिवाळ्यात कुणाचं मनगट जातं, कुणाचं माकडहाड. आणि आजवर आपण त्यांना काय देत आलो? सगळ्यात स्वस्त बूट, जे फेब्रुवारीतच तोंड उघडतात, आणि त्यावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे, जे पहिल्याच आठवड्यात बर्फात हरवतात. फाटके बूट कचऱ्यात, पुढच्या वर्षी पुन्हा नवे. याला आपण काटकसर म्हणत होतो.

या वेळी ठरवलं, हे बास. किंमत एका जोडाची मोजायची नाही, एका हिवाळ्याची मोजायची. सोल बदलता आला पाहिजे, निदान तीनदा. दुरुस्ती इथल्या इथे झाली पाहिजे. चामडं कुठून आलं आणि कसं कमावलं, ते सांगता आलं पाहिजे. बूट लेसचे हवेत, घोटा घट्ट धरणारे, आणि खिळे सोलमध्येच बसवलेले. शिवाय नुसत्या प्रमाणपत्रांवर मी विसंबले नाही, प्रत्यक्ष चाचणी घेतली. एप्रिलमध्ये रस्त्यावर बर्फ उरला नव्हता, म्हणून आइस हॉकीचं मैदान एका सकाळपुरतं मागून घेतलं. घरसेवेतल्या वीस जणी, सगळ्या कंपन्यांचे बूट, आणि विमा कंपनी ऐकेना म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर हेल्मेट. खेळाडूंच्या बाकावर बसून त्यांनी बूट चढवले आणि बर्फावर फेऱ्या मारल्या. बादल्या घेऊन, पिशव्या घेऊन, एकीने तर दुसरीला पाठुंगळी घेऊन. पेपरात फोटो आला. सिक्स्टेनचे बूट पहिले आले. सिक्स्टेन म्हणजे नदीपलीकडचा आपला बूटवाला, चार माणसांचा कारखाना. तुझ्या पायातले ते तपकिरी बूट त्याचेच आहेत. तुझी कंपनी तिसरी आली.

आणि हरकत कशावर? 'एका हिवाळ्याची किंमत' या निकषावर. इंगेगेर्ड, तो निकष तुझा आहे. रस्त्यावरच्या झाडूंच्या निविदेसाठी तू तो लिहिलास, मला तोंडपाठ करायला लावलास, आणि मी त्यातला 'झाडू' काढून 'बूट' घातला, बाकी काना-मात्राही हलवली नाही. तू तुझ्याच वाक्याविरुद्ध कोर्टात गेली आहेस. पैसे घेऊन.

निकाल लागेपर्यंत मला सिक्स्टेनशी करार करता येत नाही. नऊशे जोड अडकलेत. बर्फ काही कोर्टाच्या तारखा बघून पडत नाही.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "मी आता फक्त जंगलात मशरूम गोळा करणार." तीन महिन्यांत पुरवठादारांची सल्लागार झालीस. मला ते त्या कंपनीच्या पत्रकातून कळलं, तुझ्या फोटोसकट. दोन वर्षं मी फोन केला नाही. तूही केला नाहीस.

आनेली


हेडशो, २ ऑक्टोबर

इंगेगेर्ड,

उत्तर नाही. ठीक आहे, मग मीच लिहिते. नाहीतरी ऑफिसात हे समजणारं कुणी उरलेलं नाही.

तुझ्या खुर्चीवर आता येस्पर बसतो. आधी पर्यटन विभागात होता. माणूस वाईट नाही, पण खरेदी म्हणजे दुकानात जाणं अशीच त्याची समजूत आहे. काल मी, तो आणि आमचा वकील बसलो. मी म्हटलं, कोर्टाचा निकाल येईपर्यंत तातडीची खरेदी म्हणून थोडे बूट घेऊ या.

"तातडी कसली?" वकील म्हणाला.

"बर्फ पडणार आहे."

"कधी?"

"हिवाळ्यात."

"म्हणजे दरवर्षीसारखाच. मग त्यात अनपेक्षित काय आहे? कायद्यात तातडी म्हणजे जे आधी कळू शकत नाही ते. हिवाळा येणार हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"पण माणसं पडतात हो."

"तीही दरवर्षी पडतात," वकील म्हणाला. चेष्टा नव्हती ती, तो नियम सांगत होता. येस्परने मोबाइल काढून हवामान दाखवलं. यंदा बर्फ उशिरा आहे म्हणे. जणू ढगांनाही निविदा भरायला मुदतवाढ मिळाली आहे.

आणि याच येस्परने आमचं नाव शाश्वत खरेदीच्या पुरस्कारासाठी पाठवलंय. पहिल्या पाचांत आहोत. बूट कुणाच्या पायात नाहीत, पण बुटांची फाइल स्टॉकहोममध्ये पोचली. शिवाय मला आता शेजारच्या नगरपालिकांतल्या खरेदीदारांना शिकवायचंही आहे. विषय, 'शाश्वत खरेदीसाठी लागणारी कौशल्यं'. बाजाराची माहिती, कायदा, वस्तूच्या पूर्ण आयुष्याचा खर्च, कराराचा पाठपुरावा. मी गोल गोल फिरणाऱ्या बाणांचं एक चित्रही काढलंय. तू पाहिलंस तर हसशील. हसू नकोस.

रविवारी आईकडे गेले होते. तिला तुझं अजून भारी कौतुक. "इंगेगेर्डने हरकत घेतली असेल तर काहीतरी असणार त्यात," म्हणाली. सख्खी आई आहे माझी. तिची नवी तक्रार घरसेवेतल्या हीवेतबद्दल आहे. ती चांगली बाई गेली चार वर्षं आईकडे येतेय. तर ती म्हणे पंधरा मिनिटांसाठी येते आणि त्यातली पाच मिनिटं दारातच बसून काढते.

"दमत असेल गं," मी म्हटलं.

"दमते कसली? पायाशी चाळे करत बसते. आधी माझ्या गोळ्या दे म्हणावं."

आईच्या तक्रारी मनावर घ्यायचं मी कधीच सोडून दिलंय.

आनेली


हेडशो, २३ ऑक्टोबर

इंगेगेर्ड,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. 'आनेली, प्रकरण कोर्टात असताना मी या विषयावर लिहू शकत नाही. तूही लिहू नयेस. आईला माझी आठवण सांग. इंगेगेर्ड.'

तू म्हणतेस ते बरोबर आहे, म्हणून तर माझं डोकं फिरतं. पुरवठादाराच्या माणसाशी खाजगीत बोलायचं नाही. एकाला सांगायचं ते सगळ्यांना सांगायचं. हे मी नव्या पोरांना शिकवते. पण त्या नियमात कुठेही असं लिहिलेलं नाही, की ज्या बाईने तुम्हाला हे काम हाताला धरून शिकवलं ती एक दिवस टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली, तर तुम्ही काय करायचं.

आईला आठवण सांगितली. खूश झाली. मला त्याचाही राग आला.

आज सकाळी खिडकीच्या काचेवर पहिल्यांदा हिमाची नक्षी आली आहे.

आनेली


हेडशो, ५ नोव्हेंबर

इंगेगेर्ड,

हीवेत पडली. आईच्याच पायऱ्यांवर, सोमवारी सकाळी. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय.

कुणीही म्हणेल, बूट मिळाले असते तर पडली नसती. मीही तेच म्हणत आईकडे निघाले होते. गाडीत तुला उद्देशून काय काय बोलत होते ते लिहीत नाही. ते सगळं गिळावं लागलं. कारण हीवेतच्या पायात बूट होते. सिक्स्टेनचे. हॉकीच्या मैदानावर चाचणी केली त्या वीस जणींना आम्ही ते जोड ठेवून घ्यायला सांगितलं होतं. पहिल्या क्रमांकाचे बूट घालून, खिळ्यांच्या सोलवर उभी असलेली बाई पडली.

मी आईला विचारलं, झालं काय नेमकं?

"मी महिनाभर सांगतेय ना तुला. त्या नाड्या."

"कसल्या नाड्या?"

"बुटांच्या. घरात येताना सोडायच्या, जाताना बांधायच्या. वाकून, एवढ्याशा बाकड्यावर बसून. इथून निघाली की समोरच्या ऊनोकडे पुन्हा तेच. परवा घाई होती, फोन वाजत होता, म्हणून तशीच नाड्या आत खुपसून निघाली. बूट पायात होता म्हणायचा, पण पाय काही बुटात नव्हता."

मी दारातल्या त्या बाकड्यावर बसले. समोर माझेच बूट काढून ठेवलेले होते. चेनचे. मी स्वतः लेसचे बूट घेणं सोडून कितीतरी वर्षं झाली, कशामुळे ते कधी मनात आलंच नाही.

या देशात कुणी कुणाच्या घरात बूट घालून जात नाही, इंगेगेर्ड. राजा आला तरी दारात बूट काढेल. घरसेवेतली बाई दिवसाला बारा-पंधरा घरं करते. म्हणजे तेवढ्या वेळा काढायचे आणि तेवढ्याच वेळा घालायचे. आणि मी लिहिलं, 'लेसचे, घोटा घट्ट धरणारे'. सगळ्या कंपन्यांनी मुकाट्याने लेसचे बूट पाठवले, तुझ्या कंपनीनेही. वकिलाने वाचलं, येस्परने वाचलं, चार नगरपालिकांच्या माणसांनी वाचलं. त्या वीस जणींनीही मैदानावर पैकीच्या पैकी गुण दिले, कारण हॉकीच्या मैदानाला दार नाही. बाकावर बसून एकदा घातले आणि निघताना एकदा काढले. तू सोळा पानांची हरकत लिहिलीस, त्यातही हे नाही. इतक्या सगळ्यांनी आयुष्यभर रोज जे केलं, ते कुणाच्याही कागदात आलं नाही. शिकवण्यासाठी काढलेल्या माझ्या त्या गोल बाणांच्या चित्रातही नाही.

काल सिक्स्टेनकडून इलास्टिकच्या नाड्या आणून एका जोडाला लावून पाहिल्या. घोटा लगेच सैल पडतो. उपयोग नाही.

हे मी येस्परला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. तुला का सांगतेय, ते माझं मलाच कळत नाही. तू समोरच्या पक्षाची आहेस आणि मी तुझ्या हातात कोलीत देतेय. म्हणून हे पत्र लिहून खणात ठेवते. पाठवायचं की नाही, ते नंतर.

आनेली


हेडशो, १४ नोव्हेंबर

इंगेगेर्ड,

आम्ही जिंकलो. तुलाही कळलं असेलच. हरकत फेटाळली. 'निकष स्पष्ट, मोजता येण्याजोगा आणि सर्वांना समान आहे.' तुझ्या झाडूंच्या वाक्याला कोर्टाची मोहोर लागली, अभिनंदन.

येस्परने हिरवा प्रिन्सेस केक आणला. पुरस्काराच्या लोकांचाही फोन आला, त्यांना हॉकीच्या मैदानावरचा फोटो मोठा करून हवाय. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मात्र हातात बशी घेऊन चोरासारखी उभी होते. सही केली की तीन आठवड्यांत पहिले जोड येऊ लागतील. चार वर्षांचा करार. कायद्याने कुणी बोट ठेवू शकणार नाही, आणि पायात घालून कुणी धड चालू शकणार नाही.

केक संपल्यावर येस्परला खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, एवढं श्रेय देते.

"मग चेन लावून घ्या," तो म्हणाला. "सिक्स्टेनला सांगा, बाजूने चेन शिव. त्यात काय आहे?"

"चेन लावली की तो वेगळा बूट झाला. ज्याच्यावर स्पर्धा झाली तो हा नव्हे. चेनचे बूट मागितले असते तर कदाचित दुसरंच कुणी जिंकलं असतं."

"पण ते कळणार कुणाला?"

"हरलेल्या कंपनीला."

"म्हणजे तुमच्या त्या जुन्या मैत्रिणीला." तो म्हणाला. "आनेली, एक फोन करा. ती समजून घेईल. बायकांच्या पायाचा प्रश्न आहे."

मी घरी आले. फोन हातात घेतला. तुझं नाव अजून वरच आहे, ते मी कधी काढलंच नाही. इंगेगेर्ड, तू नाही म्हणशील याची मला भीती नव्हती. तू हो म्हणशील याची होती. तू म्हणाली असतीस, "लाव चेन, मी बघितलं नाही." बूट आले असते, हिवाळाभर सगळ्या जणी चेन ओढून पळाल्या असत्या, आणि आपण दोघींनी मिळून तेच केलं असतं, जे करणाऱ्यांना तू उभं आडवं घेत होतीस. मग तुझ्यावर रागावायला मला तोंडच राहिलं नसतं. मला तो राग हवा आहे. गेली दोन वर्षं माझ्याकडे तुझं तेवढंच आहे.

फोन ठेवला. चिडून भांडी घासली. नवरा म्हणाला, मशीन आहे ना. मी म्हटलं, असू दे.

आनेली


हेडशो, २७ नोव्हेंबर

इंगेगेर्ड,

निविदा रद्द केली. हे आता जाहीर आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही. कारण लिहिलंय, 'मागवलेली वस्तू प्रत्यक्ष कामाच्या गरजेला उतरत नाही.' खाली माझी सही.

येस्पर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कोर्टात जिंकलेली निविदा आपणच रद्द करणारी ही देशातली पहिली नगरपालिका असेल." पुरस्काराच्या यादीतून आमचं नाव गेलं. त्यांनी सांत्वनाचं पत्र पाठवलंय, गुळगुळीत कागदावर.

सिक्स्टेनकडे मी स्वतः गेले. त्याने चामडं आणून ठेवलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने यंत्र बंद केलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"लेसची अट तुमची होती," तो म्हणाला.

"हो."

"विचारलं असतंत तर चेन लावली असती."

"निविदा निघाल्यावर तुमच्या एकट्याशी बोलता येत नव्हतं."

"आणि निघायच्या आधी?"

आधी विचारता येत होतं. सगळ्यांना एकत्र बोलावून विचारता आलं असतं, तशी सोय कायद्यातच आहे. मी बर्फ मागितला, हॉकीचं मैदान मागितलं, हेल्मेटं मागितली. घरसेवेतल्या एखादीबरोबर एक सकाळ फिरावं, हे काही मला सुचलं नाही. तो रद्द करण्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकला असता. गेला नाही. नुसता म्हणाला, "मग या वेळी नीट लिहा."

मग हीवेतकडे गेले. हात गळ्यात अडकवून सोफ्यावर बसली होती. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बरं केलंत.

"म्हणजे या हिवाळ्यात काहीच नाही?" ती म्हणाली.

"पट्टे आहेत. रबराचे."

"पट्टे," ती म्हणाली. आणि डाव्या हाताने टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी मीच उठले.

तिचं बरोबर आहे. चूक माझी, बर्फ त्यांच्या वाट्याला. या हिवाळ्यात जी कुणी पडेल ती माझ्या सहीमुळे पडेल. सही केली असती तर चार हिवाळे पडत राहिल्या असत्या, असं मी स्वतःला सांगते. दिवसा ते पटतं. येस्परकडून भांडून एवढंच मिळवलं, की रस्त्यावर काच असेल त्या दिवशी प्रत्येकीच्या यादीतली दोन घरं कमी करून दुसऱ्या गटाला द्यायची. त्यावरूनही बोंबाबोंब चालू आहे.

खणात राहिलेली याच महिन्यातली आधीची दोन पत्रंही या पाकिटात घालतेय. आता सगळं उघड आहे.

आनेली


हेडशो, २२ जानेवारी

इंगेगेर्ड,

परवा तू समोर होतीस, तरीही लिहिते आहे. तिथे मला बोलता येत नव्हतं.

सूचना मी जाहीर लावली होती. नव्या बुटांच्या निविदेआधी, ज्या कंपनीला यायचं असेल तिने यावं आणि आपलाच नमुना पायात घालून घरसेवेबरोबर एक सकाळ फिरावं. सगळ्यांना तेच निमंत्रण, त्याच दिवशी. येस्पर म्हणाला होता, कुणी येणार नाही. तिघे आले. सिक्स्टेन, दक्षिणेकडून आलेले ते चकचकीत गृहस्थ, ज्यांना तिसऱ्या दारानंतर अचानक मीटिंग आठवली, आणि तू. एकोणसत्तर वर्षांची बाई, उणे अठरा तापमानात, सकाळी सातला, तुझ्या कंपनीचे चेनचे बूट घालून. कंपनीने दुसरं कुणी तरुण का पाठवलं नाही, हे विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण मग बाकीच्यांनाही तेच विचारावं लागलं असतं.

हीवेत पुढे, आम्ही मागे. तिचा हात आता बरा आहे, पण ती पायऱ्या बाजूच्या कठड्याला धरूनच चढते, पाहिलंस ना? दर दारात तू भिंतीला टेकून बूट काढत होतीस, आणि दर वेळी जास्त वेळ लागत होता. मला वाटलं, बूट घट्ट आहेत. आईच्या दारात मात्र चेनमध्ये बर्फ गेला आणि ती अडकली. तुला वाकता येईना. तू म्हणालीस, "एक मिनिट." मग पुन्हा म्हणालीस, "एक मिनिट. कमर. ऑपरेशन व्हायचंय." तुझ्या कमरेचं हे कधीपासून आहे, ते मला माहीत नव्हतं. ज्या बाईच्या चहाच्या कपाचा रंगही मला माहीत होता, तिला वाकता येत नाही हे मला माहीत नव्हतं.

मी गुडघ्यावर बसले, चेनवर फुंकर मारून बर्फ काढला आणि तुझा बूट ओढून काढला. तू वर बघत होतीस, छताकडे. मीही तुझ्याकडे बघितलं नाही.

त्यावर आईने जो तमाशा केला तो तू ऐकलासच. "कॉफी तयार आहे, वेलदोड्याचे पाव आहेत, बसा दोघी." मी तोंड उघडायच्या आधी तूच म्हणालीस, "नको हेल्फ्रिड, मला चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? पोट बिघडलंय?"

"आई, निविदा निघायची आहे," मी म्हटलं.

"मग निविदेलाही एक कप देते," आई म्हणाली. "वेड्या आहात का गं दोघी? इतक्या वर्षांची ओळख, आणि दारात मोज्यांवर उभ्या राहिल्यात, वीज मोजायला आलेल्या माणसांसारख्या."

सिक्स्टेननेही नको म्हटलं, पण त्याला ते जड गेलं. हीवेतने गोळ्या दिल्या, आईने त्या गिळल्या, हीवेतला नियम लागू नाही म्हणून तिने एक पाव खाल्ला, आणि आपण पुढच्या दाराकडे निघालो. निघताना तुझा बूट मी चढवला. ती चेन वर ओढताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तोल जाऊ नये म्हणून असेल. मला तेवढ्यानेही रडू आलं, आणि मी खोकल्याचं नाटक केलं.

इतिवृत्त काल सगळ्या कंपन्यांना पाठवलं. त्यात लिहिलंय, 'नमुना दोन: चेनमध्ये बर्फ अडकला. पुरवठादाराच्या प्रतिनिधीला बूट काढण्यासाठी व घालण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची मदत लागली.' तुझी कंपनी चिडेल. तुला हे कळलंच पाहिजे, की मी ते गाळण्याचा विचार एक क्षणही केला नाही. तू गाळू दिलं नसतंस. नव्या निविदेची पहिली अट त्याच इतिवृत्तात सगळ्यांना कळवली आहे, की बूट उभ्याने, हात न लावता, ओल्या पायानेही काढता-घालता आला पाहिजे, आणि चाचणी दारात होईल. वाक्यात कुठे संदिग्धता सापडली तर हरकत घे. खरंच घे. मी वाचेन.

मी चिडले होते ते तू त्यांच्याकडे गेलीस म्हणून, असं मला वाटत होतं. ते नव्हतं. तू मला न सांगता गेलीस म्हणून चिडले होते. समोरचं टेबल रिकामं झालं आणि मी कुणाला विचारायचं, हे तू सांगून गेली नाहीस. एवढंच होतं. दोन वर्षं लागली मला हे एका ओळीत लिहायला.

करार झाला, जो जिंकेल त्याच्याशी, की उन्हाळ्यात भेटू. तोवर बुटांबद्दल, अटींबद्दल, किमतींबद्दल मला एक अक्षर लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

पण तुझ्या कमरेचं ऑपरेशन कधी आहे? हा प्रश्न निविदेबद्दलचा नाही. याचं उत्तर तुला देता येतं. माझ्या घरच्या पत्त्यावर दे.

प्रिय इंगेगेर्ड, लवकर दे.

आनेली